शके १८६६ म्हणजे सन १९३५: जावाचं संग्रहालय कसं वाचावं

दर काही महिन्यांनी एक चित्रफीत मोबाइलवर फिरते. इंडोनेशियातला एक मुसलमान कलावंत पडद्यामागे मांडी घालून बसलाय, हातात अर्जुनाची बाहुली आहे आणि खाली ओळ असते: ‘मुस्लिम देश, तरीही महाभारत!’ बघणारा थक्क होतो, पुढे पाठवतो, विषय तिथेच संपतो. बालीची सहल दोन दिवसांनी वाढवून इंडोनेशियाच्याच जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात जाणाऱ्या मराठी पर्यटकांनाही हाच प्रश्न पडतो. ते बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप बघतात, प्रंबाननची हिंदू मंदिरं बघतात आणि प्रश्न तसाच घेऊन परत येतात.

कारण या दोन ठिकाणी त्याचं उत्तर नाही. ही बांधकामं आठव्या-नवव्या शतकातली. मधल्या अकरा-बाराशे वर्षांत जावाच्या माणसांनी काय केलं, ते शहरात कळतं. योग्यकर्ताच्या राजवाड्यासमोर मोठं मैदान आहे, त्याच्या उत्तर कडेला सोनोबुदोयो नावाचं संग्रहालय आहे. जावानीज भाषेत शब्दातला ‘आ’ पुष्कळदा ‘ओ’कडे झुकतो. त्यामुळे लिहिताना ‘सनबुदय’सारखं दिसणारं नाव बोलताना ‘सोनोबुदोयो’ होतं. अर्थ, संस्कृतीचं स्थान. ही एक खूणगाठ बांधली की पाट्यांवरची निम्मी नावं ओळखू येतात.

१९१९ साली स्थापन झालेल्या जावा इन्स्टिट्यूट या संस्थेनं हे संग्रहालय उभारलं. इमारतीचा आराखडा टॉमस कार्स्टन या वास्तुविशारदाचा. पुढे उघडा मंडप, मागे बंदिस्त दालनं, अशी ती पारंपरिक जावानीज वाड्यासारखी बांधली आहे. त्या पुढच्या मंडपाला ‘पेंडोपो’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्या ‘मंडप’चाच भाऊ. ६ नोव्हेंबर १९३५ रोजी सुलतान हमेंगकुबुवोनो आठवे यांनी उद्घाटन केलं. ही तारीख तिथे जशी नोंदवली आहे, तिथूनच सुरुवात करू.

चार शब्दांत लपलेलं साल

उद्घाटनाचं साल एका वाक्यात बांधलेलं आहे: ‘कायू विनायांग इंग ब्राह्मोनो बुदो’. वाचायला म्हणीसारखं, पण हा आकडा आहे. कायू म्हणजे लाकूड, त्याची किंमत ६. विनायांग म्हणजे बाहुलीसारखं नाचवलेलं, किंमत ६. ‘इंग’ला किंमत नाही, तो नुसता जोडशब्द. ब्राह्मण ८. बुदो १. डावीकडून लिहिलं तर ६६८१. आता उलटं वाचा: १८६६.

शब्दांत साल लपवण्याच्या या पद्धतीला जावामध्ये ‘चंद्रसेंगकाला’ म्हणतात. आपल्याकडे हीच पद्धत भूतसंख्या म्हणून आहे. जुन्या ज्योतिषग्रंथांत आणि शिलालेखांत चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २, वेद म्हणजे ४, रस म्हणजे ६. वाचायचा नियमही तोच, ‘अंकानां वामतो गतिः’, आकडे डावीकडे चालतात. आधी एकक, मग दशक, मग शतक.

जावामध्ये ही पद्धत किती जुनी आहे? जुन्या जावानीज भाषेतलं भारतयुद्धाचं काव्य ११५७ साली, जावातल्या केदिरी राज्याच्या जयबय राजाच्या काळात, एम्पू सदह आणि एम्पू पनुलुह या दोन कवींनी लिहिलं. त्याचं साल असं दिलंय: ‘सांग कुद शुद्ध चंद्रमा’. सांग म्हणजे नऊ. कुद म्हणजे घोडा, सूर्याच्या रथाचे घोडे सात, म्हणून ७. शुद्ध म्हणजे काही नाही, शून्य. चंद्रमा १. उलटं वाचलं की १०७९. त्यात ७८ मिळवा, ११५७ आलं. आपण लग्नपत्रिकेवर ‘शालिवाहन शके’ छापतो ना, तेच हे शके.

पण एक गोष्ट नजरेतून सुटू नये. चंद्र आणि घोडे भारतातून गेले. लाकूड म्हणजे सहा आणि बाहुली म्हणजे सहा हे मात्र भारतात कुठेच नाही, ते जावाचं. चौकट आलेली आणि भरण स्वतःचं, हाच नमुना पुढच्या प्रत्येक दालनात दिसत राहतो.

शके तेच, मग नऊ वर्षांचा फरक कसा?

इथे हिशेबी वाचक अडतो. १९३५ मधून ७८ वजा केले तर शके १८५७ यायला हवं. संग्रहालय म्हणतं १८६६. नऊ वर्षं जास्त. चूक झाली का?

चूक नाही. १६३३ साली जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंग यांनी कालगणना बदलली. त्या वेळी शके १५५५ चालू होतं. त्यांनी आकडा तसाच ठेवला, वर्ष मात्र बदललं. आतापर्यंत वर्ष सूर्याशी जुळवून घेतलेलं होतं, आता ते शुद्ध चांद्र झालं, म्हणजे हिजरी वर्षासारखं बारा चांद्रमासांचं. ८ जुलै १६३३ हा नव्या पद्धतीतला पहिला दिवस.

आपल्या पंचांगातले महिनेही चांद्रच आहेत, पण आपण साधारण दर पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवतो. जावाच्या नव्या पद्धतीत अधिक महिना नाही. त्यामुळे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांत संपतं, दर वर्षी सुमारे अकरा दिवस शिल्लक पडतात आणि अंदाजे ३३ वर्षांनी अख्खं एक वर्ष पुढे निघतं. १६३३ ते १९३५ ही ३०२ वर्षं. भागिले ३३, उत्तर नऊ. जून २०२५ च्या अखेरीस जावामध्ये १९५९ लागलं, तेव्हा आपलं शके १९४७ चालू होतं. फरक आता बाराचा झालाय.

मोडी कागद चाळणाऱ्यांना ही तोड अजिबात अनोळखी वाटणार नाही. शुहूर सन आणि फसली सन यांत नेमकं याच्या उलट केलेलं आहे: आकडा हिजरीवरून घेतला आणि वर्ष सूर्याचं ठेवलं, कारण शेतसारा पिकावर वसूल होतो आणि पीक चंद्र बघून येत नाही. दख्खनच्या कारभाऱ्यांना सारा जुळवायचा होता, सुलतान आगुंगना सण. जावानीज परंपरा आणि इस्लामी सण एकाच दिवशी यावेत, आणि जुन्या इतिहासाची मोजणीही तुटू नये.

‘मुस्लिम देश, तरीही’ या वाक्यातला ‘तरीही’ इथे गळून पडतो. जावाच्या लोकांनी एक घर सोडून दुसऱ्यात मुक्काम हलवला, असं झालेलं नाही. त्यांनी त्याच घराला नवी खोली काढली.

याच मोजणीत पाच दिवसांचा एक वेगळा आठवडाही चालू राहिला: लेगी, पाहिंग, पोन, वगे, क्लिवोन. हे बाजाराचे दिवस. आपल्याकडे जसा एका गावचा बाजार सोमवारी आणि शेजारच्या गावचा गुरुवारी, तसं. योग्यकर्ताजवळच्या कोतागडे गावात ‘पासार लेगी’ आजही लेगीच्या दिवशी जास्त फुलतो. सात दिवसांचा आणि पाच दिवसांचा आठवडा एकाच वेळी फिरत असतात. आज शुक्रवार-क्लिवोन असेल तर पुढचा शुक्रवार पाहिंगला येतो आणि पुन्हा शुक्रवार-क्लिवोन थेट ३५ दिवसांनी. माणसाची जन्मजोडी, म्हणजे वेतोन, अशी दर ३५ दिवसांनी येते. मुहूर्त आणि नव्या कामाचा आरंभ ठरवताना ती आजही पाहिली जाते.

बाहुल्यांच्या दालनात डोळे कुठे ठेवायचे

‘वायांग कुलित’ म्हणजे चामड्याच्या छायाबाहुल्या. बहुतेक लोक इथे दहा मिनिटांत ‘हा राम, हा रावण’ करत पुढे सरकतात. थोडं थांबायला हवं.

कातडं म्हशीचं. भिजवून, खरवडून, चौकटीवर ताणून वाळवतात. मग बारीक छिन्न्यांनी कोरतात, त्या कामाला ‘ताताह’ म्हणतात. नंतर रंग, ते ‘सुंगिंग’. शेवटी म्हशीच्या शिंगाची काठी तापवून वाकवतात आणि बाहुलीच्या कण्यासारखी बसवतात. कोरताना चेहरा सगळ्यात शेवटी घेतात. काचेजवळ जाऊन एखाद्या राजाच्या बाहुलीचे केस बघा. प्रत्येक कुरळी बट वेगळी कोरलेली असते आणि दोन छिद्रांमधलं कातडं दोऱ्याइतकं उरलेलं असतं. सावलीत रंग दिसत नाही, दिसते ती ही जाळी. म्हणून कोरीवकाम आधी आणि रंग दुय्यम.

आता नाक-डोळे. तांदळाच्या दाण्यासारखा बारीक डोळा, सरळ टोकदार नाक आणि खाली झुकलेली मान असेल तर पात्र संयमी. डोळा गोल, नाक फुगीर, मान वर, म्हणजे तापट किंवा राक्षसी. काळा चेहरा आतून शांत झालेल्याचा, लाल चेहरा रागाचा. एकाच नावाच्या दोन-तीन बाहुल्या शेजारी दिसल्या तर संग्रहात चुकून दुहेरी नोंद झाली असं समजू नका. पात्राच्या मनःस्थितीप्रमाणे बाहुली बदलते. त्या प्रत्येक रूपाला ‘वोन्दो’ म्हणतात.

भीम आणि हनुमान यांच्या बाहुल्या एकामागून एक बघा. दोघांच्या कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकटींचं कापड, दोघांच्या अंगठ्याला लांब धारदार नख. त्या नखाचं नाव ‘पंचनक’. दोघंही वायुपुत्र, म्हणून दोघांचा वेश एक. भीम आणि हनुमान भाऊ आहेत हे आपल्यालाही माहीत असतं, पण आपण ते गोष्टीत सांगतो. जावामध्ये ते कपड्यांत विणून ठेवलंय.

आणि मग सेमार दिसतो. ढेरपोट्या, बसक्या नाकाचा म्हातारा नोकर, सोबत गारेंग, पेत्रुक आणि बागोंग. संस्कृत महाभारतात शोधू नका, सापडणार नाहीत. सेमार म्हणजे नोकराच्या रूपातला देव, शिवाचा थोरला भाऊ मानलेला. मध्यरात्रीनंतर हे चौघे पडद्यावर येतात तेव्हा प्रेक्षक सरसावून बसतात, कारण राजाला चार शब्द सुनवायचा अधिकार त्यांना आहे.

पण मूळ महाभारत बदललं, त्याचं काय?

बदललंय खरं. जावाच्या वायांगमध्ये द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको. श्रीकंडी, म्हणजे शिखंडी, चक्क स्त्री, अव्वल धनुर्धर आणि अर्जुनाची पत्नी. युधिष्ठिराकडे ‘कालिमोसोदो’ नावाचं अमोघ अस्त्र आहे आणि पुष्कळ जावानीज लोक त्याचा अर्थ ‘कलिमा शहादत’, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेची ग्वाही, असा लावतात. वायांगला इस्लामच्या प्रसाराचं साधन सुनान कालिजोगो या संतानं बनवलं, असं परंपरा सांगते.

याला मोडतोड म्हणणं मला पटत नाही. ज्या समाजात गोष्ट नऊशे वर्षं रोज सांगितली जाते, तिथे ती तिथल्या माणसांची होतेच. आपल्या सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत. तिथल्या रामायणातही संस्कृतात नसलेले प्रसंग येतात आणि ते ऐकताना कोणाला ‘हे बिघडलं’ असं वाटत नाही.

पातं गंजलेलं नाही

शस्त्रांच्या दालनात हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘काय गंजलेत हे!’ केरिस, म्हणजे जावाची कट्यार, मुद्दाम काळपट ठेवलेली असते.

एम्पू, म्हणजे केरिस घडवणारा लोहार, साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड एकत्र तापवून ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो. एकदा दुमडलं की थर दुप्पट, सहा वेळा दुमडलं की ६४ पट. चिरोट्याचे पापुद्रे आठवा. साट्यामुळे जशा कापल्यावर रेघा उमटतात, तशा पात्यावर उमटतात. पण नुसत्या घासून त्या नीट दिसत नाहीत. म्हणून लिंबाच्या रसात सोमलाच्या जातीचं विषारी खनिज कालवून पात्याला चोळतात. साधं लोखंड काळं पडतं, निकेलचे थर चांदीसारखे उजळ राहतात. या नक्षीला ‘पामोर’ म्हणतात. जावातल्याच सुराकर्ता शहराच्या राजवाड्यात प्रंबाननजवळ पडलेली उल्का जपलेली आहे, तिच्यातलं निकेलयुक्त लोखंडही राजघराण्याच्या केरिसांत वापरलं गेलं. बाजारात जुनं म्हणून विकलं जाणारं पातं उघड्या हातानं चोळू नका, ते याच खनिजामुळे.

पात्याची वळणं मोजायचा खेळ मुलांना फार आवडतो. मुठीजवळच्या पहिल्या बाकापासून टोकापर्यंत, एकदा डावं एकदा उजवं, असं मोजत जायचं. वळणं नेहमी विषम असतात: ३, ५, ७, ९, ११, १३. सम संख्या आली तर तुमचं मोजणं चुकलंय. बहुतेक वेळा मुठीलगतचा पहिला किंचित बाक सुटलेला असतो. अजिबात वळण नसलेले सरळ केरिसही पुष्कळ, तेही अस्सलच.

म्यानाचा वरचा लाकडी भाग होडीसारखा लांब, टोकदार असेल तर तो समारंभाचा, गोलसर असेल तर रोजचा. योग्यकर्ता आणि सुराकर्ता यांच्या घाटात फरक आहे. १३ फेब्रुवारी १७५५ च्या गियान्तीच्या तहानं माताराम राज्याचे दोन तुकडे झाले, तेव्हापासून दोन्ही दरबारांनी म्यान, मूठ, पगडी, नृत्य, सगळ्यांत आपलं वेगळेपण जपलं. वाटण्या झालेल्या भावांच्या घरी पुरणपोळी दोन तऱ्हांची होते, तसं.

सगळं भारतातूनच गेलं असेल तर नवीन काय?

सगळं गेलेलं नाही. केरिससारखं शस्त्र भारतात घडलं नाही. गामेलान, म्हणजे जावाचा वाद्यवृंद, तर नाहीच. त्यातल्या काशाच्या वाद्यांसाठी तांबं आणि कथील यांचं पारंपरिक प्रमाण दहाला तीन. सूरव्यवस्था दोन, पाच स्वरांची स्लेंद्रो आणि सात स्वरांची पेलोग, म्हणून पूर्ण संचात वाद्यं जोडीनं असतात. आपण ‘काळी चार’ म्हटलं की कुठल्याही गावची पेटी जुळते. इथे तसा सामाईक सूर नाही. प्रत्येक संच फक्त स्वतःशी जुळलेला. एका संचाची पट्टी दुसऱ्यात बसवली तर बेसूर वाजते. वाद्यांना ओलांडून जाऊ नये, तो त्यांचा अपमान समजतात.

बाटिकचं तत्त्व आपल्या बांधणीचंच: गाठ असेल तिथे रंग चढत नाही, इथे मेण असेल तिथे. मेण सोडायचं साधन म्हणजे चोच असलेली तांब्याची इवलीशी वाटी, चान्तिंग. हातानं काढलेल्या बाटिकमध्ये दोन्ही बाजूंनी मेण देतात, त्यामुळे उलट बाजूही तितकीच गडद असते. विकत घेताना कापड उलटून बघा. मागची बाजू फिकट असेल तर ते छापील आहे.

पोथ्या, आणि गेलेल्या पोथ्या

जावानीज लिपीत २० मूळ अक्षरं आहेत. ती ब्राह्मीच्या कुळातली, म्हणून तिची रीत देवनागरी वाचणाऱ्याला लगेच उमगते. अक्षरात ‘अ’ मुरलेला असतो, इतर स्वरांसाठी मात्रा लागतात. त्या मात्रांना ‘सांदांगान’ म्हणतात, म्हणजे कपडे. जोडाक्षरासाठी दुसरं अक्षर खाली लटकतं. पाय मोडायची खूणही आहे.

पोथ्यांच्या दालनात एक गोष्ट आठवावी. २० जून १८१२ ला जावाचा इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्स याच्या राजवटीत इंग्रजांच्या फौजेनं योग्यकर्ताचा राजवाडा लुटला आणि दरबाराच्या पोथ्या नेल्या. त्या फौजेत बंगालचे हिंदी शिपाई होते. नेलेल्या पोथ्यांतल्या ७५ हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती २०१९ मध्ये योग्यकर्ताच्या सुलतानांना मिळाल्या. मूळ पोथ्या लंडनमध्येच आहेत. त्याच काळात जावाच्या एरलंग राजाचा, एका बाजूला संस्कृत आणि दुसऱ्या बाजूला जुनी जावानीज असलेला शके ९६३ चा शिलालेख रॅफल्सनं गव्हर्नर जनरल मिंटोकडे पाठवला. तो कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या संग्रहात गेला. म्हणजे ‘काय काय गेलं’ हा हिशेब दोन्ही दिशांनी करावा लागतो.

प्रत्यक्ष जाताना

सोमवारी संग्रहालय बंद. बाकीच्या वेळा आणि वायांगच्या खेळांचे दिवस बदलत असतात, आदल्या दिवशी संग्रहालयाच्या पानावर बघून घ्यावं. राजवाडा दुपारी लवकर बंद होतो, म्हणून सकाळी राजवाडा, उन्हाच्या वेळी संग्रहालय, रात्री वायांग असा क्रम सोयीचा. मालिओबोरोच्या रस्त्यावर उतरलात तर चालतच पोहोचता. दालनांसाठी निदान दोन तास हाताशी ठेवा. प्रंबानन करून दमलेल्या पायांनी त्याच संध्याकाळी आलात तर बाहुल्यांपर्यंत पोहोचेतो डोळे मिटायला लागतात. फोटो काढताना फ्लॅश बंद, कारण रंगवलेलं कातडं आणि जुनं कापड उजेडानं विटतं.

वायांगचा पूर्ण खेळ रात्री नऊ-साडेनऊला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, तीन भागांत, आणि प्रत्येक भागाचा सुरांचा मेळ वेगळा. संग्रहालयातला खेळ आटोपशीर, साधारण दोन तासांचा. भाषा कळणार नाही. आधी कथानक वाचून जा आणि एवढंच ध्यानात ठेवा: दालांग, म्हणजे सूत्रधार, त्याच्या उजव्या हाताला पांडवांची बाजू, डाव्या हाताला कौरवांची. बाहुल्या केळीच्या खांबात खोचलेल्या असतात आणि दालांगच्या पायाच्या बोटांतल्या लाकडी ठोकळ्याचा ठोका वाद्यवृंदाला इशारा देतो.

खुर्च्या बहुधा दालांगच्या बाजूला असतात, तिथून रंग, सोनं आणि वादक दिसतात. पहिला अर्धा तास तिथे बसा. मग हळूच उठून पडद्याच्या पलीकडे जा. रंग नाहीसे होतात आणि दुपारी काचेत पाहिलेली ती दोऱ्याएवढी कातड्याची जाळी, प्रत्येक बट सुटी, पडद्यावर थरथरत असते.